सुनेच्या बॉसला मी खड्ड्यात ढकललं त्याची गोष्ट

मी ज्या कामाला हात लावते ते काम बिघडत नाही. हे मी म्हणत नाही, आमची सगळी गल्ली म्हणते. आणि गल्ली विसरली तर मी आठवण करून देते! शाळा माझी चौथीतच सुटली, पण पायमशीनवर लोकांचे कपडे शिवून मी घर चालवलं, मुलगा शिकवला आणि सून तर अशी हिऱ्यासारखी निवडली की बघत राहावं. बरं, निवडली मुलाने. पण पसंत मी केली ना! तेव्हा कॉम्प्युटरवरचा खेळ या बाईला काय जमणार, असं कुणाला वाटत असेल तर त्याने हे मुद्दाम वाचावं.

जमला. नुसता जमला नाही, आवडला. फक्त मधल्या मधे सुनेची नोकरी जायची वेळ आली, एवढंच.

त्याचं असं झालं. माझी सून खेळ बनवणाऱ्या ऑफिसात आहे. त्या खेळात म्हणे आपण एक माणूस व्हायचं, डोंगरदऱ्या तुडवायच्या, राक्षस मारायचे. आणि आपल्यासारखेच दुसरे लोक आपापल्या घरी बसून त्याच डोंगरावर येतात, आपल्याशी बोलतात. खेळ परक्या भाषेतला. त्याला आपली भाषा बोलायला शिकवायची, हे सुनेचं काम. त्यापायी ती जेवताना घास हातात धरून छताकडे बघत बसायची. मधेच विचारायची, "आई, तलवार परजतात की पाजळतात?"

मी म्हणायचे, "आधी भात गिळ, मग तलवार काढ."

नोकरी अजून कायम नव्हती. तिच्या बॉसच्या मनात येईल तेव्हा होणार. त्या बॉसबाईंनी मधे हिचा एक शब्द खोडला. ही इतकी हिरमुसली की दोन दिवस आमटीत मीठ पडलं नाही. कुठला शब्द, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचा सगळा गोंधळ टळला असता! पण मी मीठच मागत राहिले.

मग एका शनिवारी ती माझ्या मशीनपाशी येऊन उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली म्हणजे काहीतरी हवं असतं.

"आई, आमच्या खेळाचा दुसरा भाग येतोय. बॉसने सांगितलंय, प्रत्येकाने घरातलं एक माणूस आणा. कधीच न खेळलेलं. उद्या दुपारी सगळ्यांनी आपापल्या घरून एकत्र खेळायचं. नव्या माणसाला खेळ कळतो का, आवडतो का, बघायचंय त्यांना."

"मग माझ्याकडे का आलीस? तुझे सासरे बसलेत की रिकामे."

आमचे हे रिकामे नव्हते. निवृत्त झाल्यापासून हे घरी घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावलं की यांना बायको दिसत नाही. ऐकू तर आधीपासूनच येत नाही.

"बाबांना विचारलं," सून म्हणाली. "ते म्हणाले, घरात लढाईला एकच माणूस लायक आहे."

ही स्तुतीच होती, असं मी धरून चालले.

"पण पहिला भाग मी पाहिला नाही. दुसऱ्यात काय कळणार? आधी कोण मेलं, कोण कुणाचं कोण?"

"तेच तर हवंय! तुम्हाला कळलं तर जगाला कळलं."

हे मात्र ती बरोबर बोलली. मी होकार दिला.

"आणि आई, खेळ फुकट आहे हं."

तिथेच मला शंका आली. मला एकदा कापडाबरोबर फुकट कात्री मिळाली होती. ती कापड सोडून सगळं कापायची.

रविवारी दुपारी जेवणं आटोपली आणि सुनेने मला मुलाच्या टेबलाशी बसवलं. मुलगा कारखान्यात पाळीवर गेला होता. कानाला टोपीसारखं यंत्र अडकवलं, तोंडापुढे एक दांडी आली. समोर एक पोरगी उभी राहिली. मी दचकलेच!

"अगं, ही घरातून कपडे घालायचं विसरून निघाली की काय?"

"आई, ही तुम्हीच. बदलू आपण."

मग बदललं. अंगभर झगा दिला, केस पांढरे केले, मागे घट्ट अंबाडा बांधला. कंबर जरा ऐसपैस केली. मी म्हटलं, खोटं कशाला? हातात एक लांब काठी दिली. मी जखमी लोकांना बरं करणारी वैद्यीण झाले होते. त्या काठीने बरं करता येतं आणि कुणी अंगावर आलं तर ढकलताही येतं. मला ती पटली. घरात अशी एक हवीच.

"आता नाव सांगा, पटकन. वेळ झालीय."

"थांब, विचार करते."

सुनेची बोटं मशीनच्या सुईसारखी चालतात. टक्टक्टक् झालं आणि पडद्यावर माझ्या डोक्यावर नाव आलं: थांबविचारकरते.

"अगंऽ! हे नाव नव्हे!"

सून पडद्याकडे बघत राहिली. "अय्या. आई, नाव एकदा ठेवलं की बदलता येत नाही."

आईबापांनी ठेवलेलं नाव मी आयुष्यभर सांभाळलं, आणि म्हातारपणी हे! पण सुनेचा चेहरा इतका पडला की मी म्हटलं, "राहू दे. निदान खरं तरी आहे."

मग तिने मला कळा दाखवल्या. ही दाबली की चालायचं, ही दाबली की काठी. ही आभार मानायला, दोन्ही हात जोडून वाकते बाई. तिच्या शेजारची नाचायला. "आणि आई," ती हळूच म्हणाली, "तिथे निळा झगा आणि उंच टोपीवाली दिसेल ना, ती आमची बॉस. तिच्याशी जरा नीट. माझं कायम होणं तिच्याच हातात आहे."

"मी कधी कुणाशी वाईट वागले?"

सून तिच्या कॉम्प्युटरवर खेळायला आपल्या खोलीत गेली. एका खोलीत दोघी बोलल्या की आवाज घुमतो म्हणे.

आणि मी कळ दाबली.

काय सांगू तुम्हाला! ती बाई चालायला लागली. समोर टेकडी, टेकडीवर गवत, गवतावर ऊन. मी कळ दाबून धरली तर ती पळायला लागली! पायमशीन चालवून माझे गुडघे असे झालेत की आमचे तीन मजले उतरायचे तर मी आधी शेजाऱ्यांना सांगून निघते. आणि इथे मी टेकडी चढतेय, ओढा ओलांडतेय, दगडावरून उडी मारतेय, आणि कुठे कळ नाही की करकर नाही! टेबलाखाली माझे खरे पाय आपोआप मशीनची पट्टी शोधत होते. मी अशाच त्या टेकडीला दोन चकरा मारल्या. कशासाठी? कशासाठी नाही. पळता येत होतं म्हणून.

मधेच एक फेरीवाला टपकला. चकचकीत अंगरखे, सोन्याचे पंख, शिंगांचा घोडा. घ्या, घ्या म्हणत पडदाच अडवला. खेळ फुकट होता, हा नव्हता! मी म्हटलं, "आम्हाला काही नको," आणि त्याच्या कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारली. पाच पावलं गेले तर पुन्हा हजर! आमच्या जिन्यात येणारे विक्रेते बरे, एकदा दार आपटलं की कळतं त्यांना.

वर गुहेपाशी आमच्या गटातले सगळे जमले होते. ऑफिसातली पाचसहा माणसं आणि त्यांच्या घरचे. पुढारी होता सुनेच्या ऑफिसातलाच एक. आवाज असा, जशी रिकामी बादली जिन्यावरून घरंगळतेय. मी त्याचं नाव घोगऱ्या ठेवलं.

"या, थांबविचारकरते ताई!" घोगऱ्या कानात गरजला.

कोपऱ्यात निळा झगा आणि उंच टोपी उभी होती. तिचा आवाज आला, "सगळे आले का? सुरू करू या." बारीक, नाकातला आवाज.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला घड्याळ उघडून बसलेल्या यांना मी वळून म्हटलं, "अहो, ऐकलंत? हीच ती हिची बॉस. आवाज बघा, जसं काही दाराखाली पत्रा घासतोय! हिनेच आपल्या पोरीचा शब्द खोडला. आणि तो पंखा बंद करा, वाऱ्याने माझे गुडघे धरतात!"

कानात एकदम शांतता पसरली. घोगऱ्या खोकला. निळ्या झग्याने टोपी जराशी हलवली. मला वाटलं, केवढी शिस्त आहे या लोकांची!

यांनी पंखा बंद केला नाही. "अहो! कितीदा सांगायचं, पंखा बंद करा! कान आहेत की घड्याळाचे काटे लावलेत?"

तेवढ्यात सून धावत आली. चेहरा पांढराफटक. "आई! माईक चालू आहे!"

"कोण माईक?"

"तुमच्या तोंडापुढची दांडी! तुम्ही बोललेलं सगळ्यांना ऐकू जातंय. सगळं!"

मी ती दांडी बघितली. इतका वेळ मला वाटत होतं, चष्मा घसरू नये म्हणून लावलीय.

"सगळं म्हणजे... पत्रासुद्धा?"

सुनेने नुसती मान हलवली. डोळ्यांत पाणी. मी ठरवलं, आता तोंडातून शब्द काढायचा नाही. सांगतील ते मुकाट करायचं आणि असं करायचं की त्या बॉसबाईने उद्याच पोरीला कायम करावं. सून परत गेली. मी ओठ शिवले.

आम्ही गुहेत शिरलो. एक अरुंद पूल, खाली काळाकुट्ट खड्डा. पुलाच्या मधोमध, माझ्या अगदी पुढ्यात निळा झगा.

आणि घोगऱ्या बोलायला लागला. हळू, कुजबुजत, जसं काही कट शिजतोय.

"नीट ऐका सगळ्यांनी. आता बॉसची पाळी."

मी कान टवकारले.

"बॉसला वाटतंय आपण घाबरलोय. वाटू दे. बॉसने आजवर सगळ्यांचं रक्त प्यायलंय. आज सोडायचं नाही. मी खूण केली की सगळ्यांनी एकदम तुटून पडा. थांबविचारकरते ताई, तुम्ही बॉसच्या मागेच आहात ना?"

मी बघितलं. होतेच की!

"तुमची काठी लय कामाची आहे. बॉसला खड्ड्यात ढकललं तर आपण सुटलो! दयामाया नको. बॉस पडली की सगळ्यांचं भलं!"

देवा! आणि ती निळी बाई हे ऐकत उभी, वर म्हणते, "बरोबर. मागून ढकला."

मला भरून आलं. म्हटलं, बघा हिचं मोठं मन! आपण माणसांना किती छळलं हे हिला उमगलंय. आज खेळात का होईना, सगळ्यांना राग काढून घ्या म्हणतेय. असंच असेल ऑफिसात, वर्षाकाठी एकदा साहेबाला ढकलायचं, मन मोकळं करायचं आणि सोमवारी पुन्हा कामाला. आणि त्यांनी हा मान कुणाला दिला? माझ्या सुनेच्या सासूला!

"आता!" घोगऱ्या ओरडला.

मी काठी हाणली. अशी हाणली की टेबलावरचं यांचं उघडलेलं घड्याळ टणकन वाजलं! निळा झगा पुलावरून उडाला, उंच टोपी गरगरत गेली आणि कानात तो बारीक आवाज, "आऽऽऽई गंऽऽ" करत खोल खोल गेला.

"पडली!" मी ओरडले. शिवलेले ओठ उसवले. "पडली तुमची बॉस! हे माझ्या सुनेच्या शब्दासाठी!"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"ताई," घोगऱ्याचा आवाज बादलीतून वाटीत आला, "हे काय केलंत?"

"तुम्हीच म्हणालात ना, बॉसला ढकला!"

"ही बॉस नव्हे हो! म्हणजे आहे, पण... ती बॉस! *ती!*"

मी मान वर केली. पुलाच्या टोकाला, आमच्या तीन मजली इमारतीएवढी एक नागीण आमच्याकडे पाठ करून, फणा काढून उभी होती. शेवटी येणाऱ्या सगळ्यात मोठ्या राक्षसाला हे लोक बॉस म्हणतात म्हणे! मला काय स्वप्न पडणार?

"मग आधी नाही सांगायचं!"

सांगायला कुणी उरलं नाही. नागिणीने शेपटी फिरवली आणि घोगऱ्यासकट सगळे पत्त्यांसारखे खाली पडले. माझी सूनही पडली. पुलावर आता फक्त मी आणि ती.

वैद्यीण म्हणून मी सगळ्यांना बरं करायला हवं होतं. मी काय केलं? मी पळाले! गुहेतून, गवतातून, ओढ्यातून, थेट टेकडीच्या पलीकडे! एवढी सुसाट मी लग्नाआधीही पळाले नव्हते.

खड्ड्यातून तेवढा बारीक आवाज आला. "उद्या सकाळी तुमच्या सुनेला म्हणावं, आधी माझ्या खोलीत ये."

सून रागावली नाही. हेच वाईट. रागावली असती तर मीही दोन शब्द सुनावले असते आणि फिटंफाट झाली असती. ती उलट म्हणाली, "तुमची काय चूक, आई? मीच नीट सांगायला हवं होतं." आणि सगळ्यांच्या ताटात वाढलं. आमटीत मीठ नव्हतं.

सकाळी मी चपला घालून दारात उभी राहिले.

"तुम्ही कुठे, आई? तीन मजले!"

"मी ढकललं, मी निस्तरणार."

जिना उतरताना तिने माझा हात धरला. कालच्या टेकडीची फार आठवण आली.

बॉसबाई बघितल्या आणि मी चाटच पडले. एवढीशी मूर्ती! सर्दीने नाक लाल, गळ्याला मफलर, समोर वाफाळता पेला. म्हणून तो पत्रा! सर्दी होती बिचारीला. मी रात्री अंथरुणात पडून माफीची वाक्यं घोकून ठेवली होती. पण माफीची सवय नसलेलं तोंड ते, ऐन वेळी भलतंच बाहेर पडलं.

"हे बघा बाई," मी म्हटलं, "ढकलायला नको होतं. पण दोघींना एकच नाव ठेवलंत तर माणसाने ढकलायचं कुणाला? माझ्याकडे बाहीचा कपडा आणि कॉलरचा कपडा एकाच नावाने ठेवला तर सदरा कसा होईल सांगा? आणि मध घालून गरम पाणी घ्या, हा नुसता चहा काही कामाचा नाही."

सुनेने डोळे मिटले. संपलं, असंच तिला वाटलं असणार.

बॉसबाईंनी पेला उचलला. मग शिंकल्या. मग हसायला लागल्या, त्या इतक्या की पेला खाली ठेवावा लागला.

"तुम्ही निदान ढकललंत तरी," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या गटात एकाचे वडील होते. बॉस आली म्हटल्यावर त्यांनी तलवार खाली ठेवली आणि नागिणीपुढे हात जोडले. मुलाला सांभाळून घ्या म्हणाले! तिने त्यांना तसंच गिळलं." डोळे पुसत त्या सुनेकडे वळल्या. "तू काय शब्द दिला होतास गं? मी खोडलेला?"

"म्होरक्या," सून पुटपुटली. "बाई असेल तर म्होरकी."

"मी म्हटलं होतं, बॉस सगळ्यांना कळतं. कळलं, पण कुणाला काय, कुणाला काय! घाल तुझा शब्द. आणि हो, आता कायम झालं." सून बघतच राहिली, तशा त्या म्हणाल्या, "शब्द नव्हे, तुझी नोकरी म्हणतेय मी! बघ, पुन्हा एका शब्दाचे दोन अर्थ."

मी सुनेकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर रडले असते आणि मग तो पत्रा माझ्या गळ्यात वाजला असता. निघताना बॉसबाई म्हणाल्या, "काल तुम्ही बोललात ते सगळं रेकॉर्ड झालंय. तुमचा आवाज आम्ही खेळात घेतला तर चालेल? असा दरारा विकत मिळत नाही."

चालेल? मी जिना चढता चढता तीन मजल्यांना सांगितलं! नक्की राणीचा आवाज असणार, नाहीतर देवतेचा.

आता खेळ सगळ्यांसाठी उघडलाय. कसा वाटला म्हणून विचाराल तर फेरीवाला सोडून सगळं झकास. सून कामावरून आली की आम्ही दोघी टेकडीवर जातो. ती पुढे, मी मागे, कधी मी पुढे. परवा वर पोचल्यावर मला वाटलं, या पोरीने मला माझे पाय परत दिले. तिला तसं काही म्हणावं. तोंडाने म्हणणं मला जमत नाही, कधी जमलं नाही. म्हणून मी ती आभाराची कळ दाबली. दाबली असं मला वाटलं! शेजारचीच लागली आणि पांढऱ्या अंबाड्याची ती बाई कंबर हलवत नाचायला लागली. पलीकडच्या खोलीतून आवाज आला, "कळलं हं, आई!" आणि सुनेची बाईही नाचायला लागली.

राहिला माझा आवाज. गल्लीतल्या चारजणींना बोलावून मी तो ऐकायला बसले. गुहा आली, पूल आला, धूर निघाला आणि ती तीन मजली नागीण, म्होरकी, फणा काढून थेट माझ्या आवाजात कडाडली, "अहो! कितीदा सांगायचं, पंखा बंद करा!"

तरी मी म्हणते, ठीक आहे, नोकरी कायम झाली, शब्द राहिला, आपला आवाज चार लोकांच्या कानी पडला. माझी काही तक्रार नाही. फक्त आमचे हे, ज्यांनी जन्मात कुठला खेळ हातात धरला नाही, ते आता दुपारचा चहा झाला की भिंग काढून ठेवतात, टेबलाशी बसतात आणि त्या म्होरकीला मन लावून झोडपतात. रोज!

आणि पंखा चालूच ठेवतात.